वहीतला तो अभंग कुणाचा



आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली, त्यानिमित्त ही स्मरणिका निघते आहे. समितीच्या बैठकीत ठरलं की दिंडीची जुनी भजनाची वही यात जशीच्या तशी छापायची. वही तुम्ही बहुतेकांनी बघितलेली आहे. लाल फडक्यात बांधलेली असते. दरसाल प्रस्थानाच्या आदल्या दिवशी बाहेर काढतो, बुक्का लावतो, माथा टेकतो आणि परत बांधून ठेवतो. उघडून वाचतो कोण? पानं आता अशी झालीत की हात लावला की कोपरा हातात येतो. पहिल्या विणेकरीबाबांच्या हातची ती वही. सुरुवात बोरूने, पुढं टाकाने, शेवटची पानं शिसपेन्सिलीने. काकड्याचे अभंग, हरिपाठ, वारांचे अभंग, गौळणी, भारुडं, आरत्या, सगळं त्यात आहे.

छापायचं ठरल्यावर मी हात वर केला. म्हटलं, जरूर छापा, पण एका पानाखाली मला चार ओळी लिहू द्या. घरी येऊन लिहायला बसलो तर चार ओळींत ते बसेना. म्हणून हा लेख.

ते पान तुकोबारायांच्या अभंगांतलं आहे. वर ठळक लिहिलंय 'श्रीतुकाराममहाराजांचे अभंग'. त्या पानावर तिसरा आहे तो बीजाचा. 'आधी बीज एकले' म्हणून आपण सगळे ओळखतो तोच. त्याच्या बाजूला समासात बारीक अक्षरात लिहिलंय, 'पुणें मुक्कामीं ऐकिला'. एवढंच. कुणाकडून ऐकला, कुठल्या साली, काही नाही.

तर मंडळी, तो अभंग तुकोबारायांचा नाही. खरं बघता तो अभंगच नाही. ते सिनेमातलं गाणं आहे. 1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' नावाचा बोलपट काढला, त्यासाठी शांताराम आठवले नावाच्या पंचविशीतल्या कवीने ते लिहिलं. केशवराव भोळ्यांनी चाल दिली आणि विष्णुपंत पागनीसांनी गाइलं.

हे मला कधी कळलं तर माझी अर्धी कीर्तनं होऊन गेल्यावर.

चौदा वर्षं मी तो बीजाचा अभंग कीर्तनात प्रमाण म्हणून घेत होतो. वारकरी कीर्तनात प्रमाण म्हंजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपण आपल्या मनचं बोलायचं नाही. जे बोलू त्याला संतांच्या वचनाचा आधार पाहिजे. आधार नसेल तर ते कीर्तन नव्हे, नुसती गप्पागोष्टी. मी शेतकरी माणूस, बी पेरणं आणि उगवायची वाट बघणं हा माझा जन्माचा धंदा, त्यामुळं तो दृष्टांत मला फार जवळचा. एक दाणा भुईत जातो, त्याचं रोप होतं, रोपाला किती दाणे लागतात, आणि तरी मुळात एकच. या एका गाण्यावर मी पाऊण तास बोलत असे. जोंधळ्याचं कणीस दाखवायचो. लोक डोलायचे. आणि दर वेळी आधी म्हणायचो, 'तुकोबाराय काय सांगतात?'

2006 साली शेजारच्या गावात सप्ताह होता. तिथं माझं कीर्तन झालं. कीर्तन संपल्यावर पाया पडायला माणसं येतात तशी एक बाई आली, त्या गावची सून, शाळेत शिक्षिका. पाया पडली आणि अगदी हळू म्हणाली, 'महाराज, रागावू नका, पण तो बीजाचा अभंग गाथेत नाही. सिनेमातला आहे.'

मी रागावलो. तिनं हळू सांगितलं होतं, मी मोठ्यांदा बोललो. म्हटलं, 'बाई, तुम्ही शाळा शिकवा, गाथा आम्हाला ठाऊक आहे.' चार माणसं हसली. ती काही बोलली नाही, निघून गेली. मी चौथी शिकलेला, ती पदवी घेतलेली, त्याचा मनात कुठंतरी काटा होता, तो असा बाहेर आला. हे मी आज लिहून ठेवतो, कारण वही छापायची तर हेही छापलं पाहिजे.

रात्रभर झोप नाही. सकाळी घरी आलो आणि जोग महाराजांची सार्थ गाथा काढली. विष्णुबुवा जोग म्हंजे आळंदीला 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली ते. त्यांची गाथा आमच्या घरात तीन पिढ्या आहे. 'आ' अक्षर बघितलं. नाही. वाटलं, सुरुवात दुसऱ्या शब्दाने असेल. बीजाचे अभंग शोधले. तुकोबारायांचे बीजावर दुसरे आहेत, एक तर म्हण होऊन बसलाय, पण हा नाही. मग तालुक्याच्या वाचनालयातून सरकारी गाथा आणली. तिच्यातही नाही. पुढं देहूला गेलो तेव्हा गाथा मंदिरात भिंतींवर कोरलेले अभंग बघत फिरलो. संगमरवरावर सगळी गाथा कोरलीय. मान वर करून करून दुखायला लागली. तिथला एक म्हातारबाबा विचारतो, 'काय हरवलंय?' म्हटलं, 'एक बी हरवलंय.'

खरं तर एवढं फिरायची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी लक्षात यायला पाहिजे होतं. त्या गाण्यात 'तुका म्हणे' कुठंच नाही. शेवटच्या चरणात नाममुद्रा असते हे लहान पोराला ठाऊक. चरणांची बांधणीही अभंगाची नाही. चौदा वर्षं गाइलं आणि नामुद्रा कुठं गेली हे एकदाही विचारलं नाही! आपणच तोंडाने 'तुकोबाराय म्हणतात' जोडत होतो, मग आत नसलं तरी कुणाला काय कळणार.

मग मी त्या सिनेमाची माहिती काढायला लागलो. आधी रागानेच काढत होतो. कोण हा आठवले, तुकोबांच्या नावावर आपलं गाणं खपवणारा? पण त्या माणसाने तसं केलंच नव्हतं. सिनेमात तुकोबांचे खरे अभंग आहेत, त्यांत हे एक गाणं त्याने भरीला लिहिलं. ते इतकं जमून गेलं की भल्या भल्या जाणकारांनाही ते गाथेतलंच वाटलं. आमच्यासारख्यांचं काय घेऊन बसलात. पुढं याच आठवल्यांनी 'वहिनींच्या बांगड्या' हा सिनेमा केला. आमच्या आया बघून रडल्या तोच.

आणि हा तुकोबांचा सिनेमा केला कुणी? दोघांनी मिळून. एक विष्णुपंत दामले, दुसरे शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापूरकडचे कारागीर. नाटकाचे पडदे रंगवणं, मोडतोड दुरुस्त करणं, असली कामं करत वाढलेले. कोल्हापूरला बाबूराव पेंटर म्हणून थोर कलावंत होऊन गेले, ज्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घरी तयार केला. त्यांच्या हाताखाली हे दोघे तयार झाले. 1929 साली कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात कंपनी काढली, व्ही. शांताराम त्यांतलेच. 1933 ला कंपनी पुण्याला आली. स्टुडिओत या दोघांना सगळे 'दामलेमामा' आणि 'साहेबमामा' म्हणायचे. साहेबमामा म्हंजे फत्तेलाल. देहूचं गाव, इंद्रायणीचा घाट, तुकोबांचं घर, जिजाईची चूल हे सगळं उभं करण्यात त्यांचा हात. मुसलमान घरातला माणूस, आणि आपल्या तुकोबांचं अंगण त्याने सारवून घेतलं असंच म्हणा ना.

तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. ते पूर्वी संगीत नाटकात स्त्रीपार्ट करायचे, लुगडं नेसून. पुढं भजनं गाऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी प्रभातनेच नाथमहाराजांवर 'धर्मात्मा' काढला होता, त्यात एकनाथ झाले होते बालगंधर्व. तेही जन्मभर स्त्रीपार्ट करणारे. जिजाई झाली ती गौरी नावाची बाई, कंपनीतच किरकोळ कामं करायची. शेणात हात घातलेली बाई कशी असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जिने तो सिनेमा बघितलाय तिला तिचं म्हशीशी आणि पोरांशी वागणं आठवत असेल. विठ्ठलावर चिडते ती काय चिडते! आमची म्हातारी म्हणायची, 'तुकोबापेक्षा तिचंच मला खरं वाटतं.' मला कीर्तनकाराला हे ऐकून तेव्हा बरं वाटायचं नाही.

डिसेंबर 1936 ला मुंबईत सेंट्रल सिनेमात तो लागला आणि त्या एकाच थेटरात वर्षाहून जास्त चालला. दुसऱ्या वर्षी, 1937 ला, इटली देशात व्हेनिस म्हणून शहर आहे, तिथं जगभरच्या सिनेमांचा महोत्सव भरतो, त्यात त्याचा सन्मान झाला. व्हेनिस सगळं पाण्यात बांधलेलं आहे, गल्ल्यांत रस्त्याऐवजी पाणी, होडीतून जायचं. ज्यांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून तरल्या, त्यांची गोष्ट त्या पाण्यातल्या गावात जाऊन मान घेऊन आली, हे मला कीर्तनात सांगायला आवडतं. हे मात्र प्रमाण म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच.

तो सिनेमा गावोगाव तंबूत गेला. बैलगाड्या जुंपून माणसं गेली. तंबूच्या दाराशी पायतण काढून आत जायचे, पडद्यापुढं नारळ फोडायचे. मी तो पहिल्यांदा बघितला तो जत्रेतल्या तंबूत, अकरा-बारा वर्षांचा असताना. शेवटी गरुडाचं विमान वर जातं तेव्हा सगळा तंबू उठून उभा राहिला होता. यंत्र मध्येच बंद पडलं, तर अंधारात बायका विठ्ठल विठ्ठल म्हणत बसल्या. पागनीस मुंबईत रस्त्याने चालले की लोक पाया पडायचे म्हणतात. आणि आमच्या गावात निदान चार देवघरांत तुकोबारायांचा म्हणून जो फोटो आहे तो पागनीसांचा आहे. एक माझ्या घरात. काढलेला नाही. रोज त्यालाच फूल वाहतो.

आता पुण्याचा मुक्काम. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री राहते, भवानी पेठेत पालखी विठोबाला. दुसरा दिवस मोकळा असतो. आपली माणसं त्या दिवशी धुणं धुतात, पावण्यारावळ्यांकडं जातात, शहर बघतात. आपले पहिले विणेकरीबाबा त्या मोकळ्या दिवशी कुठंतरी ते गाणं ऐकून आले. तबकडीवर असेल, कुणाच्या ओसरीवर असेल. ऐकलं, आवडलं, पाठ केलं आणि वहीत लिहिलं. त्यांना ते तुकोबांचं वाटलं, कारण तुकोबांच्याच तोंडी होतं. यात त्यांची काही चूक मी मानत नाही. समासात का होईना, कुठं ऐकलं ते त्यांनी लिहून ठेवलं. मी तेवढंही केलं नव्हतं.

आठ-दहा वर्षांमागं त्या मोकळ्या दिवशी मी एकटाच प्रभातचा स्टुडिओ बघायला गेलो. डेक्कन ओलांडून चालत. तिकडं एका रस्त्याला अजून प्रभात रोड नाव आहे. स्टुडिओ आता सरकारी संस्था आहे, 1960 पासून तिथं सिनेमाचं शिक्षण देतात. मी फाटकाशी उभा राहिलो. आत जायचं कारण काय सांगणार? बाहेरूनच हात जोडले. एक पोरगी कानात काहीतरी घालून चालली होती, तिनं माझ्या गळ्यातल्या टाळाकडं बघून विचारलं, 'माउली, रस्ता चुकलात का?' म्हटलं, 'नाही, बरोबर आलोय.'

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त बोचलं ती सांगतो. त्या सिनेमात सालोमालो म्हणून एक बुवा आहे. तुकोबांचे अभंग आपले म्हणून सांगतो, वर तुकोबांनीच माझे चोरले म्हणतो. तंबूत आम्ही पोरं त्याला शिव्या घालायचो. मोठं झाल्यावर मी काय केलं? सालोमालोने तुकोबांचं घेऊन आपलं नाव लावलं. मी आठवल्यांचं घेऊन तुकोबांचं नाव लावलं. फरक एवढाच की त्याला त्यातून मान पाहिजे होता, मला निरूपणाला आधार पाहिजे होता. दोन्हीकडं लिहिणाऱ्याचं नाव पुसलं गेलं ते गेलंच.

पुढल्या वर्षी त्याच गावच्या सप्ताहात मला परत बोलावलं. मी नारदाच्या गादीवर उभा राहून पहिल्यांदा हेच सांगितलं. ती शिक्षिका बाई बायकांत बसली होती, तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिने पदर डोळ्याला लावला की घाम पुसला, मला दिसलं नाही.

आपल्या दिंडीत मात्र यावरून कुरबूर झाली. दोन वर्षं चालली. जुनी माणसं म्हणाली, हे बोलून काय साधलं? लोकांची श्रद्धा मोडते. काहींचं म्हणणं याच्याही पुढं, की आता हे गाणं दिंडीत म्हणायचंच नाही, सिनेमातलं आहे, वर तो सिनेमा कुणी केला ते बघा. हे शेवटचं ऐकून मला वाईट वाटलं. मला एवढंच म्हणायचं होतं की ज्याचं आहे त्याचं नाव सांगा. गाणं टाकून द्या असं मी म्हटलंच नव्हतं. आणि साहेबमामांचा विषय कुठून आला?

त्या बैठकीत मी जे बोललो ते थोडक्यात इथं देतो, कारण तेव्हा सगळ्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही.

मी म्हटलं, बाहेरच्याचं काढून टाकायचं ठरवलं तर आपल्याकडं राहतं काय ते मोजा. ही माउलींची पालखी आज ज्या थाटात चालते तो थाट हैबतबाबांनी बसवला. आरफळचे हैबतबाबा, पण नोकरी कुठं, तर ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी. वाटेत सातपुड्यात भिल्लांनी अडवलं, तिथून हरिपाठ म्हणत सुटले आणि आळंदीला येऊन राहिले अशी कथा आपण ऐकतोच. दिंड्यांची रांग, चोपदार, तंबू, शिस्त, हे सगळं फौजेत वावरलेल्या माणसाने घालून दिलेलं वाटतंच. घोडे आले अंकलीच्या शितोळे सरदारांचे. अंकली आज कर्नाटकात. दरसाल माउलींचा घोडा तिथून चालत आळंदीला येतो. रिंगणात त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो, तेव्हा कुणी विचारतं का, हा कुठल्या राज्याचा?

गाथेचंच घ्या. मी ज्या सरकारी गाथेत ते गाणं शोधलं ती गाथा कशी आली? देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हाताने लिहिलेल्या वह्या गोळा करून, एकाशी एक ताडून, 1869 साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात तिचा पहिला भाग छापला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ते काम केलं. त्याला 24,000 रुपये दिले इंग्रज सरकारने. त्या काळचे 24,000! साडेचार हजारांवर अभंग एके ठिकाणी आले. स्वराज्य आल्यावर 1950 ला पु. मं. लाड यांनी मुंबई सरकारतर्फे ती परत काढली. म्हंजे तुकोबारायांचा खरा अभंग कुठला आणि खोटा कुठला हे आज मी ज्या पुस्तकावरून सांगतो, त्याला पैसा गोऱ्या साहेबाचा. मग ते पुस्तकही टाकायचं का?

आणि प्रभातनेच 1940 साली 'संत ज्ञानेश्वर' काढला, दामलेमामा आणि साहेबमामा यांनीच. त्यात माउली झाले शाहू मोडक. ते अहमदनगरचे, मराठी ख्रिस्ती घरातले. किती सिनेमांत कृष्ण झाले त्याला मोजदाद नाही. आमच्या चुलत्याने भिंत चालवली ती मोडकांचीच डोळ्यापुढं आणून. हे ऐकल्यावर बैठकीत एक जण म्हणाले, 'मग काय ख्रिस्ती माउली म्हणायचं?' हशा झाला आणि बैठक उठली.

त्या हशावर माझं उत्तर तेव्हा सुचलं नाही. दोन वर्षांनी सुचलं, तेही पंजाबात.

नामदेवरायांचं घुमान आपण ऐकून आहोत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात ते गाव. नामदेवराय उत्तरेकडं गेले आणि तिथं राहिले. आपल्यातले आठ जण रेल्वेने गेलो होतो. गुरुद्वारात बसलो. भाषा काही कळत नव्हती, पण मधेच 'नामदेव' असा शब्द कानावर आला आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिथल्या एका सरदारजींनी हिंदीत समजावलं. शिखांचा जो गुरू ग्रंथसाहिब, तो पाचवे गुरू अर्जनदेव यांनी 1604 साली सिद्ध केला. त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. आणि प्रत्येक ठिकाणी वर नामदेवजींचं नाव घातलेलं आहे. कबीरांचं असेल तिथं कबीर, रविदासांचं तिथं रविदास, शेख फरीद हे मुसलमान संत, त्यांचं तिथं फरीद. पद गुरूंनी स्वीकारलं, ग्रंथात घेतलं, त्यापुढं डोकं ठेवतात, पण नाव ज्याचं त्याचं.

मी तिथं बसून हिशेब केला. आमचा शिंपी समाजातला संत, हजार मैलांवर, परक्या भाषेत, चारशेच्यावर वर्षं झाली आणि त्याचं नाव जाग्यावर आहे. आणि आठवल्यांचं गाणं पुण्यातून आपल्या वहीत आलं आणि वाटेतच नाव गळालं. एवढंसं अंतर.

2015 ला त्याच घुमानमध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. सदानंद मोरे, देहूचे, तुकोबारायांच्या वंशातले. नामदेवांच्या गावी तुकोबांच्या घरचा माणूस. ही बातमी मी पेपरात वाचली तेव्हा उसाला पाणी देत होतो, दारं मोडायची राहिली आणि खालचं वाफं फुटलं.

घुमानहून आल्यावर मी परत बैठकीत विषय काढला. सरदारजींनी सांगितलं ते सांगितलं. या वेळी विणेकरीबाबांनी, म्हंजे आत्ताच्या, ऐकून घेतलं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीला टेकलं होतं. गाणं बंद करा म्हणणाऱ्यांत तेच पुढं होते. ते म्हणाले, 'आमचे वडील हे म्हणत म्हणत गेले. मी टाकणार नाही.' मग थोडं थांबून, 'पण तुकोबांचं म्हणून पण म्हणणार नाही.' त्यावर कुणी काही बोललं नाही आणि ठरून गेलं.

ठरलं ते असं. काकड्यात, हरिपाठात, पंचपदीत, वाटचालीच्या भजनात ते घ्यायचं नाही, कारण तिथं संतवचनच पाहिजे. कीर्तनात प्रमाण म्हणून घ्यायचं नाही. रात्री जेवणं उरकल्यावर तंबूत बसून हौसेचं जे म्हणतो त्यात म्हणायचं, आणि म्हणणाऱ्याने आधी कवीचं नाव सांगायचं. सुरुवातीला पोरं मुद्दाम लांबवून सांगायची, 'कवी शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, प्रभात फिल्म कंपनी', रेडिओवाल्यासारखं. आता सवयीने सांगतात. मी कीर्तनात तो कणसाचा दृष्टांत अजून देतो, पण त्याला प्रमाण तुकोबारायांचं दुसरं घेतो. खरं सांगायचं तर तितकं रंगत नाही.

वहीचं पान या स्मरणिकेत आहे तसं छापलं आहे. मथळा बदललेला नाही, विणेकरीबाबांच्या अक्षराला हात लावलेला नाही. खाली फक्त एक ओळ घातली आहे: 'हे गीत शांताराम आठवले यांचे, चित्रपट संत तुकाराम, 1936.'

छापण्याआधी सगळी वही तपासून द्यायला मी त्याच शिक्षिका बाईंना विनंती केली. त्या आता निवृत्त झाल्यात. पंधरा दिवस वही त्यांच्याकडं होती, लाल फडक्यासकट. परत आणून दिली तेव्हा दोन पानांत कागदाच्या खुणा घातलेल्या. एक गौळण नाथमहाराजांच्या नावावर आहे आणि एक अभंग तुकोबारायांच्या. दोन्हींना नाममुद्रा नाही आणि त्यांना दोन्ही गाथांत सापडले नाहीत. मीही बघितलं, मला सापडले नाहीत. ही पानं म्हंजे 31 आणि 47. कुणाच्या घरी जुन्या वह्या, जुनी पुस्तकं असतील त्यांनी बघावं, आणि काही मिळालं तर प्रस्थानाच्या आत मला किंवा बाईंना गाठून सांगावं.